छापायचं काय आणि झाकायचं कुणाचं

(पुण्यातल्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. बैठकीला पत्रकार, कायद्याचे विद्यार्थी आणि वाड्यावाड्यांतून आलेले साथी होते. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली.)



आम्ही सकाळी घोडेगावहून पहिल्या एस.टी.नं निघालो. शिवाजीनगरला उतरेपर्यंत गाडीत याच विषयावर भांडण चाललं होतं. वर्तमानपत्राचं स्वातंत्र्य आणि माणसाचं खासगी आयुष्य, आणि त्यावरून कोर्टात होणारे दावे. आमच्यातला एक म्हातारा साथी म्हणाला, "आपलं खासगी काय असतं रे? कुडाच्या भिंती. नवराबायको भांडली तर सगळी वाडी जेवण सोडून ऐकते." सगळे हसले. मग मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली, "वाडी ऐकते, पण वाडी छापत नाही." त्यावर कोणी हसलं नाही. आजचं आमचं बोलणं त्या बाईच्या वाक्यापासून सुरू होतं असं समजा.

आम्हाला हा विषय पुस्तकातून आलेला नाही. आमच्या या चार पानी पत्रकावर वकिलाची नोटीस आली आहे. पत्रक म्हणजे काय, तर स्टेन्सिल कापायची, शाई लावायची, हँडल फिरवायचं, निम्म्या प्रती पुसट येतात. पहिल्या पानावर आम्ही "फक्त कार्यकर्त्यांसाठी" असं लिहितो आणि तेवढ्यानं सुटलो असं समजतो. सुटत नाही. एका माणसानं दुसऱ्या माणसाच्या हातात दिलं की ते प्रसिद्ध झालं, असं कायदा मानतो. प्रती तीनशे निघाल्या की तीन लाख, त्यानं फरक पडतो तो भरपाईच्या आकड्यात.

नोटीस कशावरून? आम्ही एका जमीनदाराचं नाव, गट नंबर, फेरफाराचा नंबर आणि सातबाऱ्यावरच्या नोंदी छापल्या. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावावर जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय होत नाही. महसूल संहितेचं कलम ३६-अ तेच सांगतं. शिवाय गेलेल्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आहे. मग ही जमीन गेली कशी, एवढंच आम्ही विचारलं. नोटिशीत म्हटलंय की आम्ही त्यांच्या अशिलाची बदनामी केली आणि खासगी व्यवहार चव्हाट्यावर आणले. पंधरा दिवसांत बिनशर्त माफी छापा, नाहीतर दिवाणी दावा आणि भारतीय दंड विधानाखाली ४९९-५०० ची फिर्याद.

आता खरं सांगायचं तर त्याच लेखात शेवटी दोन ओळी आणखी होत्या. त्या जमिनीच्या नव्हत्या. त्या माणसाच्या सुनेबद्दल होत्या, ती माहेरी का गेली त्याबद्दल. लिहिणाऱ्याला वाटलं, माणूस कसा आहे ते लोकांना कळू दे. स्टेन्सिल कापताना कोणी हटकलं नाही. नोटीस आली तेव्हा आम्ही रागानं लेख पुन्हा वाचला, आणि त्या दोन ओळींपाशी येऊन राग थोडा अडला. त्यावर पुढे बोलू.

तुमच्या पुण्याला हे प्रकरण नवीन नाही. केसरी सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा १८८२ साली टिळक आणि आगरकर अब्रुनुकसानीच्या खटल्यात तुरुंगात गेले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ चाललाय आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असं केसरी आणि मराठात छापलं गेलं होतं. आधार होता काही पत्रांचा. कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. दोघांनी माफीही मागितली, तरी चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते सुटले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. महाराज १८८३ च्या डिसेंबरात नगरला वारले. म्हणजे त्यांच्या जिवाची काळजी करणारे चुकले नव्हते. पण हातातला कागद खोटा होता, आणि त्या कागदाच्या जोरावर एका माणसावर विषप्रयोगाच्या कटापर्यंतचा आरोप गेला होता. ही गोष्ट शाळेत सांगतात ती तुरुंगाची म्हणून सांगतात. आम्हाला ती कागदाची वाटते. आमच्याकडेही रोज कोणीतरी कागद घेऊन येतं. कुणी सोसायटीचा, कुणी सावकाराचा. मजकूर आपल्या बाजूचा असला की तपासायचा कंटाळा येतो.

दुसरं प्रकरण मुंबईचं आहे, पण त्यातला न्यायाधीश पुणे जिल्ह्यातला. ब्लिट्झ साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्यावर कृष्णराज ठाकरसी या गिरणीमालकानं अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. भरपाई मागितली होती तीन लाख. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती तारकुंडे यांच्यासमोर सुनावणी चालली होती. एका व्यापारी साक्षीदारानं सांगितलं की माझी आधीची साक्ष पेपरात आली आणि माझा धंदा बुडायला लागला, आता पुन्हा साक्ष द्यायची तर ती छापू देऊ नका. तारकुंड्यांनी ते मानलं. हुकूम तोंडीच दिला, लेखी नाही. ब्लिट्झचा बातमीदार नरेश मिरजकर आणि आणखी पत्रकार सुप्रीम कोर्टात गेले. उघड्या कोर्टात जे बोललं गेलं ते छापायचा आम्हाला हक्क आहे, तो न्यायाधीशानं हिरावला, असं त्यांचं म्हणणं. १९६६ च्या मार्चमध्ये नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर धरून आठजण म्हणाले की न्याय नीट व्हावा यासाठी कोर्टाला असा हुकूम देता येतो. एकटे हिदायतुल्ला विरोधात गेले.

आम्ही हिदायतुल्लांच्या बाजूचे. कारण साधं आहे. धंद्याला धक्का लागतो म्हणून साक्षीदाराचं तोंड झाकायचं ठरलं, तर ही सोय कुणाच्या वाट्याला येणार? आमच्या साक्षीदाराला धंदा नसतो. तो साक्ष देऊन कोर्टाच्या पायऱ्या उतरतो तेव्हा खाली सावकाराची माणसं उभी असतात. त्याचं नाव झाकावं असं आजवर कोणाला सुचलेलं नाही. गंमत बघा, हेच तारकुंडे पुढे हायकोर्ट सोडून आले आणि जयप्रकाशांच्या बरोबर नागरी हक्कांच्या चळवळीत उभे राहिले. आणीबाणीत आणि नंतरही कितीतरी गरीबांच्या बाजूनं ते बोलले. सासवडचा माणूस. त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. त्या एका हुकुमाबद्दल नाही.

आता तिसरं प्रकरण. हे आमचं आहे.

१९७२ च्या मार्चमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या, म्हणजे आता गडचिरोलीतल्या, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. मुलगी मजुरी करणारी, आईबाप नसलेली. सेशन कोर्टानं पोलीस सोडले. नागपूरच्या हायकोर्टानं १९७६ मध्ये शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये पुन्हा सोडले, कारण अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. खालच्या कोर्टानं त्या पोरीच्या चारित्र्यावर जे लिहिलं ते इथे उच्चारायची आमची इच्छा नाही. १९७९ च्या सप्टेंबरात कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या वसुधा धागमवार, ज्यांनी अक्कलकुव्याच्या भागात आदिवासींबरोबर काम केलं. ते पत्र वर्तमानपत्रांनी छापलं म्हणून देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. पेपर नसते तर हे झालं नसतं, हे आम्ही मान्य करतो. मोठ्यानं मान्य करतो.

पण त्या मुलीचं नाव? तिच्या नावानंच ते प्रकरण ओळखलं जातं. कायद्याच्या पुस्तकात, मोर्च्याच्या फलकावर, परीक्षेच्या प्रश्नात. तिच्या चारित्र्याबद्दल कोर्टानं लिहिलेले शब्द त्या नावाला कायमचे चिकटले. फलकावर नाव लिहिताना तिला कोणी विचारलं होतं का? आम्हीही नाव लिहिलं होतं, लाल रंगात, मोठ्या अक्षरात. आज आम्ही ते घेत नाही आणि या पत्रकात छापणार नाही. कोणाला वाटेल हे फार उशिरा सुचलं. उशिराच सुचलं.

त्याच १९८३ च्या कायद्यानं दंड विधानात कलम २२८-अ आलं. अत्याचार झालेल्या बाईचं नाव, किंवा तिची ओळख पटेल असं काहीही छापलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पत्रकार मित्रांनो, "ओळख पटेल असं काहीही" हे शब्द नीट वाचा. शहरात नाव गाळलं की भागतं. आमच्या वाडीत उंबरे तीस. "अमुक तालुक्यातल्या तमुक वाडीतली सोळा वर्षांची ठाकर मुलगी, वडील वीटभट्टीवर" असं लिहिलंत की नाव लिहायचं काय राहिलं? बाजाराच्या दिवशी सगळा तालुका तिला बोटानं दाखवतो. हे आमच्याकडे झालेलं आहे. पेपरचं नाव घेत नाही, बातमीदार चांगल्या मनाचा होता आणि बातमी आमच्या बाजूची होती. मुलीनं शाळा सोडली.

याच कलमात सूट आहे, की बाईनं स्वतः लेखी परवानगी दिली तर नाव छापता येतं. लेखी! आमच्या बाया अंगठा देतात. आणि अंगठ्याबद्दल आमच्याइतकं कोणाला कळत नाही. याच अंगठ्यावर आमच्या जमिनी गेल्या. कोऱ्या स्टँपवर, "कर्जाची पावती आहे" म्हणून. तेव्हा कोणी आम्हाला येऊन म्हणालं, बाईचा अंगठा घेतलाय, संमती आहे, तर आम्ही विचारतो: वाचून कोणी दाखवलं? तिच्या भाषेत दाखवलं का? दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं का? फोटोलाही हेच. हाडं निघालेल्या पोराचा फोटो काढताना आईला विचारायचं असतं. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या १९९३ ला आल्या म्हणून सरकार हललं, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून आम्ही फोटो काढू नका म्हणत नाही. विचारा, एवढंच म्हणतो.

शीला बर्से यांचं प्रकरण यासाठी आम्हाला जवळचं वाटतं. त्या पत्रकार. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत जाऊन बायाकैद्यांच्या मुलाखती घेत होत्या. परवानगी होती. टेप सुरू केला तसा तुरुंग खात्यानं आक्षेप घेतला आणि परवानगीच काढून घेतली. सुप्रीम कोर्टानं १९८७ ला सांगितलं की तुरुंगात काय चाललंय ते लोकांना कळायला हवं, पत्रकाराला आत जाता आलं पाहिजे, पण मुलाखत द्यायची की नाही हे कैद्याच्या मर्जीवर. बघा, कोठडीत असलेल्या बाईलासुद्धा "नाही" म्हणायचा हक्क आहे. मग स्वतःच्या अंगणात बसलेल्या बाईला का नसावा?

आता ताजा निकाल, याच वर्षीचा. १९९४ च्या ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू सरकार हा निकाल दिला. मद्रासकडे ऑटो शंकर नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. त्यानं तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं, त्यात बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांची माहिती होती असं म्हणतात. नक्कीरन नावाचं साप्ताहिक ते छापणार होतं. तुरुंगाच्या वरिष्ठांनी पत्र लिहून धमकावलं, छापू नका म्हणून. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी जे सांगितलं ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो, वकिलांनी चुका काढाव्यात.

माणसाचं घर, लग्न, मुलंबाळं, शिक्षण हे त्याचं स्वतःचं आहे. ते त्याच्या संमतीशिवाय कोणी छापू नये, खरं असो की खोटं, स्तुती असो की निंदा. पण जे सरकारी दप्तरात, कोर्टाच्या कागदात आलं, ते छापता येतं. त्यातही अत्याचार झालेल्या बाईचं नाव बाहेर ठेवायचं. आणि सरकारी अंमलदारानं आपल्या कामात जे केलं त्याबद्दल लिहिलं तर त्याला भरपाई मागता येत नाही, जोवर लिहिणारा खऱ्याखोट्याची पर्वा न करता खोटं लिहीत नाही. सरकारला तर बदनामीचा दावाच लावता येत नाही. आणि आपली बदनामी होईल म्हणून अंमलदारांना छापण्याआधी छपाई रोखता येत नाही.

हे ऐकून आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या. तलाठी, फॉरेस्ट गार्ड, फौजदार यांच्याबद्दल आम्ही लिहितो तेव्हा हे लोक म्हणतात, आमची वैयक्तिक बदनामी करता. कसली वैयक्तिक? तुम्ही पावती न देता दंड घेता ती तुमची खासगी बाब आहे का? इकडे आमचं खासगी मात्र कोणी मोजत नाही. चोरी कुठेही झाली की रात्री फासेपारध्यांच्या, कातकऱ्यांच्या झोपडीवर थाप पडते. १९६२ मध्ये खरक सिंगच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं पोलिसांच्या रात्रीच्या थापा बेकायदा ठरवल्या. गोष्ट बत्तीस वर्षांची जुनी. थाप पडतेच. दुसऱ्या दिवशी पेपरात जमातीच्या नावासकट टोळी पकडल्याची बातमी येते, आणि सहा महिन्यांनी माणसं निर्दोष सुटली की त्याची ओळसुद्धा येत नाही. खासगी आयुष्याच्या नावाखाली बातमी दाबणारे आम्ही नाही. पण हा हिशोब तुम्हीही एकदा मांडा.

आता नोटिशीकडे येतो, कारण उत्तर आम्हाला याच आठवड्यात द्यायचंय.

सातबारा सरकारी दप्तर आहे. तलाठ्याकडे फी भरून कोणीही नक्कल मागावी. फेरफाराचंही तेच. तेव्हा जमिनीबद्दल आम्ही छापलं ते कोणाच्या घरात डोकावून छापलेलं नाही. फौजदारी कायद्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकांच्या हिताचंही असावं लागतं. कलम ४९९ चा पहिला अपवाद तसा आहे. आदिवासीची जमीन कायदा मोडून गेली की नाही हे विचारणं लोकांच्या हिताचं नसेल तर मग काय असेल? त्या मजकुराबद्दल माफी नाही. एका अक्षराची नाही. फिर्याद झाली तर तारखांना येऊ. आमच्याकडे नकला आहेत, सही-शिक्क्यांच्या.

आणि त्या दोन ओळी? त्या खऱ्या असतीलही. पण सुनेच्या माहेरी जाण्यात लोकांचं हित कुठलं? तिनं आमची जमीन घेतलेली नाही. यावर काल रात्री एक वाजेपर्यंत वाद झाला. तरुण साथी म्हणत होते, एका ओळीची माफी मागितली की वकील ती हलवून दाखवील, म्हणेल बघा चूक कबूल केली, सगळा लेखच खोटा. हे होऊ शकतं. आमचे वकीलही म्हणाले, गप्प बसा, काही लिहू नका. वकिलांचं बरोबर असतं, पण प्रत्येक वेळी नाही.

शेवटी बायांनी विषय मिटवला. आमच्याच एका बाईचं प्रकरण त्यांनी काढलं. मागच्या पावसाळ्यात तिचं मूल गेलं, दवाखाना लांब, गाडी नाही. आम्ही ते छापलं, तिचं नाव, मुलाचं नाव, शेवटच्या रात्री काय झालं ते सगळं. हेतू आरोग्य केंद्राची मागणी. तिला विचारलं नव्हतं. अंक वाडीत वाचून दाखवला तेव्हा ती उठून गेली. नंतर भेटायला गेलो तर म्हणाली, "दादा, तुम्ही माझं दुःख गावोगाव वाटलंत. मला एक शब्द विचारायचं होतं." ती अजून बैठकीला येत नाही. तिच्याकडून नोटीस येणार नव्हती, येणारही नाही. ज्याच्याकडे वकील आहे त्याच्या सुनेबद्दल आम्ही विचार करायला बसलो, आणि हिच्याबद्दल बसलो नाही, हे बायांनी तोंडावर सांगितलं.

तर ठरलं असं. पुढच्या अंकात दोन ओळी मागे घेतल्याचं छापायचं. सुनेचं नाव न घेता, कोणाच्या दबावाखाली नाही असं न सांगता, कारण दबाव होताच. जमिनीचा लेख तसाच पुन्हा छापायचा, यावेळी नकलांच्या तारखांसकट. स्टेन्सिल कापायच्या आधी मजकूर ज्याच्याबद्दल आहे त्याला, तो आपला माणूस असेल तर, वाचून दाखवायचा. उशीर झाला तरी चालेल. जमीनदार आणि अंमलदारांना आधी वाचून दाखवणार नाही, पण त्यांना विचारणार: तुमचं म्हणणं काय? ते जे सांगतील तेही छापू. मुलीचं, बाईचं प्रकरण असेल तर वाडीचं नावही नाही, फार तर जिल्हा.

पुण्याच्या पत्रकारांकडे मागणं एकच आहे. आमच्या भागात आलात की संघटनेच्या माणसाची परवानगी म्हणजे बाईची परवानगी असं धरू नका. आम्ही चुकलोय, आमच्यावर विसंबू नका. थेट तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर वही मिटून चहा घ्या.

कायद्याच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना सातबारा आणि फेरफाराच्या नकला तपासायला मदत करायची आहे, त्यांनी बाहेर बसलेल्या साथींकडे नाव द्यावं. नकला खूप आहेत, हात कमी. सहाच्या गाडीनं आम्हाला परत निघायचंय.

जिंदाबाद.